बंद गाडीतला करंट

बॅटरी उतरली की लोक बॅटरी बदलतात. बादलीला भोक पडलेलं असतं आणि हे नळाला नावं ठेवतात. वीस वर्षं सोलापुरात गाड्यांचं वायरिंग करतोय, हे सांगून सांगून माझा घसा कोरडा पडला. म्हणून जोतीरामकाका जेव्हा म्हणाले, की दुसरी नवी बॅटरीही तीन दिवसांत बसली, तेव्हा मी चढ्या आवाजातच बोललो, "काका, बॅटरीवाल्याची पोरं शिकवायचा मक्ता घेतलाय का तुमी?"

ते हसले नाहीत. उजनीच्या काठावरनं आले होते, ट्रॅक्टरनं ओढून, टोचन मारून गाडी चालू करून. "हितलं दुकान वळखीचं, म्हणून आलो, नईमभाई," म्हणाले. मला चेहरा आठवेना. माझ्या लक्षात गाड्या राहतात, माणसं राहत नाहीत; आणि असल्या पांढऱ्या डिझेल गाड्या तर पैशाला पासरी.

"बॅटरीचं ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मला एवढंच सांगा, उतरती कशानं? माझ्या हातनं दिवा चालू ऱ्हातोय का?"

"एका दिव्याचं एवढं काय मनाला लावून घेता?"

मग त्यांनी सांगितलं. आखाडात सोजरबाईंच्या, म्हणजे त्यांच्या मंडळींच्या, छातीत कळ आली. गाडी चार दिवस जागची हलली नव्हती. चावी फिरवली तर नुसती टिकटिक. शेजारचा ट्रॅक्टर आणून टोचन मारेपर्यंत अर्धा तास गेला. दवाखान्याच्या दारात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला पाहिजे होतं.

"आतला दिवा मीच चालू ठिवला आसंल," काका म्हणाले. "पोरगं तोंडावर बोलत न्हाय, पर त्येच्याबी मनात तेच हाय. आता नवी बॅटरी टाकल्यावर तीन-तीनदा दिवे बघतुया, तरी बसली. म्हणून इचारतो. त्या दिवशी माझंच चुकलं व्हतं का?"

माझी जीभ जागेवर आली. त्यांना स्टुलावर बसवलं आणि कामाला लागलो.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडून मध्ये मीटर लावला. दारं बंद केली आणि वीस मिनिटं हात लावला नाही. गाडी बंद केली तरी ती लगेच झोपत नाही, आणि घाईत मीटर बघणारा फसतो. वीस मिनिटांनी काटा पाऊण अँपिअरवर होता. झोपलेल्या गाडीला याचा विसावा हिस्साही पुरतो. एवढ्या गळतीला तीन-चार दिवसांत बॅटरी बसणारच.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. काटा हलेना. सगळे फ्यूज संपले, तरी पाऊण ते पाऊणच. म्हणजे फ्यूजबॉक्सला वळसा घालून कुणीतरी थेट बॅटरीवरनं लाइन घेतली होती. "कुठल्या गाढवानं केलंय हे!" मी मोठ्यानं म्हणालो आणि वायरीमागे जात सीटखालचं कार्पेट उचललं.

खाली गाण्यांचा आवाज वाढवणारा अँप्लिफायर होता. बंद गाडीत कोमट लागत होता. त्याची निळी वायर गाडीतल्या गाण्यांच्या टेपला जोडायची असते, म्हणजे टेप बंद झाला की तोही बंद होतो. इथं ती सरळ कायम चालू असणाऱ्या लाइनला पिळलेली होती. जोडावर काळी चिकटपट्टी, आणि पट्टीवर चादरीच्या लाल सुताचे सात वेढे.

उन्हाळ्यात आमच्याकडे चिकटपट्टीचा डिंक वितळून ती सुटते. म्हणून वर सूत गुंडाळायचं, ही माझी पद्धत. अख्ख्या सोलापुरात दुसरं कुणी असं करत नाही, हे मीच गिऱ्हाइकांना फुशारकीनं सांगतो.

तेव्हा सगळं आठवलं. गेल्या रमजानात हा अँप्लिफायर मीच बसवला होता. निळी वायर हातभर आखूड पडली होती आणि मगरिबची, रोजा सोडायची अजान जवळ आली होती. काकांबरोबर सोजरबाई आल्या होत्या, त्या म्हणाल्या होत्या, "रानातली केळी हायत, रोजा सोडायला घ्या." मी केळी घेतली आणि वायर जवळच्या लाइनला पिळून टाकली. नंतर बदलू म्हटलं. गाडी रोज चालते तोवर अशी चूक कळत नाही.

मी कार्पेटवर बसूनच राहिलो. काका वाकून विचारत होते, "घावलं का? उंदरानं कुरतडलं आसंल."

आमच्या धंद्यात उंदीर लई कामाला येतो. नुसती मान हलवली असती तर दोघंही सुटलो असतो.

"तुमची चूक नव्हती, काका," मी म्हणालो. "दिव्याचा काही संबंध नाही."

ते गाडीच्या पायरीवर टेकले. "वाटंत गाडीत मला म्हणली, इसरलासा तर इसरलासा, सवताला खाऊ नगासा. मला माफ करून गेली वो. आता तिला कोण सांगणार, मी इसरलो नव्हतो म्हणून?"

मला राहवेना. "उंदीर नाही, काका. ही वायर माझ्या हातची आहे. घाईत मीच चुकीची जोडली."

त्यांनी ते लाल सूत बोटानं चाचपलं. मी वायर कापली, अँप्लिफायर काढला, काटा खाली आलेला दाखवला. त्यांनी तो बघितला नाही. मी हात जोडले.

"खरं बोललासा, बरं केलंसा," ते म्हणाले. "माझ्या चुकीला माफ कराया ती व्हती. तुमच्या चुकीला माफ कराया ती न्हाय, आन् मला ते जमंल आसं वाटत न्हाय."

बॅटरी चार्ज करून जोडली. ते गाडीत बसले. पहिल्याच चावीला गाडी चालू झाली.