सव्वा महिना

नागम्मानं पाटावर बसून पाय लांब केले, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि नातवाला नडग्यांवर पालथं घातलं. तांब्यातलं पाणी आधी तिच्या हातावर पडून मगच त्याच्या पाठीवर जात होतं. एकोणतीस दिवसांचं पोर आक्रसलं, मग सैल पडलं. तिनं त्याला टिपलं, धुरी दिली, बाळोत्यात गुंडाळलं आणि आतल्या खोलीत बाजेवर बसलेल्या सुनेच्या मांडीवर ठेवलं.

“घे. भूक लागलीय तेला.”

गौरानं त्याला पदराखाली घेतलं. पोरानं तोंड लावलं, दोनदा ओढलं आणि मान फिरवली. तिनं पुन्हा लावलं, त्यानं पुन्हा फिरवली. मग ते लालबुंद होईस्तोवर रडलं. गौराची चोळी ओली झाली होती. दूध होतं, पण पोराला ते नको होतं. थोड्या वेळानं तिनं पोर सासूच्या हातात परत दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. नागम्मा दाराआड जाऊन बसली. रडणं थांबलं.

माकणीतल्या त्या घरात एकाच महिन्यात दोन बाळंतपणं झाली होती. गौराला आई नव्हती, म्हणून तिचं पहिलं बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. आणि त्याच सुमारास, बेचाळिसाव्या वर्षी, नागम्मालाही दिवस गेल्याचं कळलं. थोरल्या लेकाचं, वीरभद्राचं, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. नागम्मानं पाण्याला जाणं बंद केलं. घरात कुणी आलं की ती चुलीपाशी पाठमोरी बसून राही. सुनेला मुलगा झाला आणि चारच दिवसांनी, आठव्या महिन्यातच, नागम्माला मुलगी झाली. मुलगी तीन दिवस जगली. नागम्माचा नवरा शिवप्पा तिला फडक्यात गुंडाळून शेताकडं घेऊन गेला आणि तासाभरानं हातपाय धुऊन ओसरीवर बसला. शेजारणी येऊन गेल्या. “सुटलीस बाई,” असं त्यांच्यातली एक म्हणाली. नागम्मानं तिला पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्याच दिवशी गौराला ताप भरला. उमरग्याहून डॉक्टर आला, सुया टोचून गेला, अंगावरचं पाजू नका म्हणाला. गाईचं दूध बोंडल्यानं पाजलं की पोर उलटून टाकी. दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी नागम्मानं, दूध आटावं म्हणून छातीला घट्ट बांधलेलं धोतराचं पटकूर सोडलं आणि पोराला जवळ घेतलं. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि त्यावर घरात कुणी बोललंही नाही. बारशाला सोमलिंग हे नाव त्याच्या कानात सांगितलं, तेव्हाही ते आजीच्याच मांडीवर होतं. गौरा पलीकडं तापात पडलेली होती.

ताप उतरला. शेपूची भाजी, हळिवाची खीर सुरू झाली. गौराला हळूहळू दूध आलं. पोर मात्र तिच्याकडं वळलं नाही.

त्या दुपारी वीरभद्र जेवायला आला तेव्हा गौरा त्याच्याशी बोलली. हळूच बोलली, पण नागम्मा पलीकडंच भाकरी थापत होती.

“लेकरू माजं हाय का आत्याबाईचं, तेवढं सांगा मला.”

“असं काय बोलायलीस? जगवलं तेला अव्वानं.” आईला तो अव्वाच म्हणे.

“जगवलं, व्हय. म्या कुठं न्हाय म्हणते?” गौरा म्हणाली आणि रडायला लागली.

नागम्मानं तव्यावरची भाकरी उलटली. ती करपेपर्यंत तिनं हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पोराला न्हाऊ घातलं, एकदा पोटभर पाजलं, मग दोन लुगडी गाठोड्यात बांधली.

“तामलवाडीला जाते, भावाकडं,” तिनं सांगितलं.

वीरभद्र चिडला. “आत्ताच? पोरगं एवढंसं, हिच्या अंगात ताकद न्हाय, अन् तुमी निघालाव? काल काय कानावर आलं म्हणून राग धरला का अव्वा?”

“राग कशाचा? भावाकडं जायला मला कुणाची परवानगी पायजे?”

शिवप्पानं विडीचं थोटूक विझवलं आणि गाडी जुंपायला उठला. निजामाच्या गाड्या जाऊन एस.टी. आली होती, तरी तो तिला लारीच म्हणे. लारी चुकायला नको, एवढंच तो बोलला.

नागम्मा बाजेपाशी आली. पोर झोपलं होतं. तिनं त्याला हात लावला नाही.

“वरचं दूध देऊ नको,” ती सुनेला म्हणाली. “लई रडंल. रडू दे. तरी देऊ नको.”

पोर दिवसभर रडलं. संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज बसला. वीरभद्र दोनदा बोंडलं घेऊन आला, दोनदा गौरानं ते त्याच्या हातातून काढून बाजूला ठेवलं. तिनं बोटानं त्याच्या ओठांना दूध लावलं, पाठ थोपटली, स्वतःही रडली. दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर, ती दमून आडवी झालेली असताना, पोरानं आपण होऊन तोंड लावलं. ती हलली नाही. हाताला मुंग्या आल्या तरी तशीच पडून राहिली.

सव्वा महिना झाल्यावर गौरानं तामलवाडीला जायचं काढलं. वीरभद्र म्हणाला, मीच जाऊन अव्वाला घेऊन येतो. ती म्हणाली, मी येणार. सास्तूरपर्यंत बैलगाडी, मग एस.टी., तुळजापुरात गाडी बदलून ते दुपारी पोचले. मामानं वीरभद्राला विहीर दाखवायला मळ्यात नेलं.

नागम्मा पडवीत ज्वारी निवडत बसली होती. ती अंगानं वाळली होती.

“पितंय का?” तिनं विचारलं.

“पितंय.”

“बरं झालं.”

पोर गौराच्या मांडीवर झोपलं होतं. नागम्मानं लांबूनच त्याच्याकडं पाहिलं. सुनेनं ते पुढं केलं तेव्हा म्हणाली, “राहू दे. नुकतं कुठं लागलंय तुला.”

“आता काय न्हाय व्हत. घ्या.”

नागम्मानं सूप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि पोर घेतलं. गौरा सूप पुढं ओढून ज्वारी निवडू लागली.

“आत्याबाई, एक इचारू?”

“इचार की.”

“नाव काय ठेवणार होता तुमी?”

“कुणाचं?”

“माज्या नणंदंचं.”

नागम्मानं मान वर केली. इतक्या दिवसांत त्या मुलीला कुणी कुणाची लेक, कुणाची बहीण म्हटलं नव्हतं. तिनं पोराच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं, ते सारखंच होतं तरी पुन्हा एकदा केलं.

“कस्तुरा,” ती म्हणाली.

आणि जरा वेळानं, “डोळे मामंजीवर गेले होते तुज्या.”

गौरा सूप बाजूला करून तिच्याजवळ सरकली.

“अन् केस?” तिनं विचारलं.

“लई होते,” नागम्मा म्हणाली.