पक्ष सरेपर्यंत

अनन्याने आमच्या पेणच्या घराचा वरचा मजला कॉम्प्युटरच्या कामासाठी मागितला, तेव्हा मी तिला एकच अट घातली. या छपराखाली जे काम चालेल ते मला समजेल अशा शब्दांत सांगता आले पाहिजे. नात झाली म्हणून सवलत नाही. ती इंजिनिअर होऊन पुण्याहून परत आली होती आणि मुंबईची नोकरी नाकारून इथेच काही उभे करायचे म्हणत होती. तिने माझी अट हसत मान्य केली आणि जमिनीवर मांडी घालून मला समजावले.

ते एकोणीसशे नव्व्याण्णव साल होते. जुनी यंत्रे सालाचे शेवटचे दोनच आकडे लक्षात ठेवतात, त्यामुळे दोन हजार साल उजाडताच ती गोंधळतील आणि कारखान्यांची हजेरी-पगाराची पत्रके बिघडतील, या भीतीने सगळे हवालदिल झाले होते. अनन्याचे काम असे, की कारखान्याच्या जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल आपल्या मोठ्या यंत्राच्या पोटात उभी करायची, तिच्यातली तारीख पुढल्या सालात ढकलायची आणि काय मोडते ते पाहून दुरुस्त करायचे. खऱ्या यंत्राला धक्का लागत नाही. अमेरिकेत नुकत्याच निघालेल्या एका प्रोग्रामने हे साधत होते. तिच्या एका यंत्रात अशा चार नकला नांदत होत्या, आणि प्रत्येकीला वाटे की अख्खे यंत्र आपलेच.

"म्हणजे एका घरात चार बिऱ्हाडं," मी म्हटले.

"अगदी! पण विहीर एकच, आजी. ती म्हणजे डिस्क. सगळी माहिती तिच्यात. चौघींनाही पाणी तिथूनच काढायचं, आणि रहाट एक."

मला ते पटले. आमच्याकडे पूर्वी भाडेकरू होते. एका रहाटावर चार घरच्या बायका आल्या की काय होते, हे मला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

नेमके तेच होऊ लागले. भाद्रपदाच्या उत्तरार्धात यंत्र मंदावले. धाटावच्या एका रंगाच्या कारखान्याचे हिशेबनीस, निमिष कर्णिक, रोह्याहून काम पाहायला आले. एक पान उघडेपर्यंत त्यांचा चहा संपला, आणि दुसरे उघडेपर्यंत मी पाठवलेल्या पोह्यांची बशीही रिकामी झाली.

"मॅडम," ते अनन्याला म्हणाले, "तुमच्या मशीनला अजून एकोणीसशे सालच चालू आहे वाटतं."

कर्णिकांनी जाताना सांगितले, की पुढल्या गुरुवारी ते पुन्हा येतील. तोवर यंत्र सुधारले तर कारखान्याचे सगळे काम तिचे. नाही तर ते मुंबईच्या फर्मकडे जाईल. माणूस शिष्ट नव्हता. त्यालाही वर कोणाला तरी उत्तर द्यायचे होते.

ते काम गेले तर वरचा मजला बंद होणार हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. बाकीचे तीन कारखाने कर्णिकांकडे पाहून आले होते आणि त्यांच्याकडे पाहूनच गेले असते. मग अनन्या मुंबईला जाणार, आणि तिने हाताखाली तयार केलेल्या चार मुली आपापल्या घरी.

ती हट्टाला पेटली. मुंबईहून जादा मेमरी मागवली. दुसरी डिस्क बसवून दोन बिऱ्हाडे तिकडे हलवली. प्रत्येक उपायाने सुरुवातीला बरे वाटे आणि मग यंत्र पुन्हा गाडीच्या बैलासारखे मान टाकी. तिचे जेवण तुटले, बोलणे तुटले.

मंगळवारी सकाळी मी स्वतः जिना चढले. मी वर आले की मुली खुर्च्यांवरून उठत. त्यांना बसायची खूण करून मी विचारले, "कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून?" अनन्याचे डोळे पडद्यावरच होते.

"दुखणं. वैद्य आधी हेच विचारतो."

"गणपतीत तर झकास चालत होतं, आजी. मुली गाणी म्हणत काम करत होत्या."

"मग विसर्जनानंतर काय बदललं?"

"काहीच नाही. तेच यंत्र, तेच काम, त्याच मुली."

त्या मुलींतली दिपिका म्हणून एक होती. गडब गावची, भातशेती करणाऱ्या घरातली, चलाख आणि नको तितकी आज्ञाधारक. तिचा हात कळफलकावर थबकलेला मी पाहिला.

"दिपिका, काय आहे?"

"काय नाय, आजी."

"काही नसतं तर बोटं थांबली नसती. बोल."

ती उठून उभी राहिली. "ताई, संध्याकाळी बंद करताना ते विचारतं ना, आजचं काम पक्कं करू, फेकून देऊ, की तात्पुरतं बाजूला ठेवू... ते मी बाजूला ठेवत होते."

अनन्या खुर्चीसकट वळली. "रोज?"

"रोज. चारीही."

"कधीपासून?"

"पक्ष लागल्यापासून."

"अगं, पण का? मी फक्त पहिले दोन दिवस बाजूला ठेवायला सांगितलं होतं, चाचणी होती म्हणून!"

दिपिकाने माझ्याकडे पाहिले नाही. जमिनीकडे पाहत म्हणाली, "आजींनी सांगितलेलं. पक्ष सरेपर्यंत कायपन पक्कं करायचं नाय. कोनी विचारलं तर सांगा, नंतर बघू."

मी तसे म्हटले होते हे खरे आहे. पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी एक सुतार नव्या टेबलांचा सौदा ठरवायला आला होता, आणि त्याच्यासमोर मी मुलींना तो दंडक घालून दिला होता. आमच्या घरात पितरांच्या पंधरवड्यात नवा व्यवहार ठरवत नाहीत. सुताराला ते पुरेसे झाले. यंत्रही रोज संध्याकाळी तोच प्रश्न विचारते, याची मला कल्पना असण्याचे कारण नव्हते. दिपिकाने मात्र माझा शब्द माणसाला लावला तसाच यंत्रालाही लावला.

अनन्याने डोके दोन्ही हातांत धरले आणि ती हसू लागली. ते हसणे मला आवडले नाही.

"इथे शोधायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही," ती म्हणाली. "आजी, बाजूला ठेवलेलं काम मूळ माहितीत मिसळत नाही. त्याचा वेगळा ढीग होतो. आता कुठलीही गोष्ट मागितली की यंत्र आधी ढिगात शोधतं, तिथे नसेल तर मुळात जातं. ढीग रोज वाढतोय, आणि डिस्कवर जिथे जागा मिळेल तिथे पसरतोय. चारही बिऱ्हाडांचा. मी दुसरी डिस्क आणली, तर ढीगही उचलून तिकडेच नेला!"

"मग तो ढीग फेक."

"त्यात मुलींच्या सगळ्या दुरुस्त्या आहेत. फेकला तर कर्णिकांना दाखवायला उरतं काय?"

"मग पक्का कर."

अनन्याच्या आधी दिपिकाच बोलली, "पन आजी, पक्ष हाय अजून."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. अनन्याचीही. तिचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हे मला माहीत आहे, तिलाही माहीत आहे की मला माहीत आहे. तरी तिने कळ दाबली नाही. ती म्हणाली, "घर तुझं आहे, आजी. तुझा शब्द मोडून मी या खोलीत काही करणार नाही. पण गुरुवारी कर्णिक येणार आहेत, आणि अमावास्या शनिवारी आहे."

शिवाय दुसरी अडचण तिने सांगितली. इतका मोठा ढीग मुळात मिसळायला अर्धा दिवस लागणार होता. मध्येच वीज गेली तर मूळही बिघडायचे आणि ढीगही. तिच्या बॅटरीचा दम चहा उकळेपर्यंतचा.

"उद्या आजोबांचं श्राद्ध आहे," मी म्हटले. "उद्या सांगते."

मी खाली आले आणि देवघरासमोरच्या पाटावर बसून राहिले. यजमानांची तिथी द्वादशी. त्र्यंबकराव फार सौम्य माणूस. त्यांनी आयुष्यात कोणाला नकार दिला नाही, आणि होकारही क्वचितच दिला. कोणी काही मागितले की ते म्हणत, "बघू." त्या शब्दाने मागणारा सुखावून जाई. ते गेल्यावर वर्षभरात तीन आप्त माझ्या दारात आले, आणि प्रत्येकाने सांगितले की आंब्याच्या बागेचा वरचा तुकडा आपल्याला द्यायचे त्र्यंबकरावांनी मान्य केले होते. तिघेही खोटे बोलत नव्हते. प्रत्येकाला ते "बघू" म्हणाले होते. ती तीन "बघू" निस्तरताना माझी दोन घरांशी कायमची बोलचाल बंद झाली. पुढे कोणी साधी फळे मागायला आले तरी मला आधी ते तिघे आठवत, मग आंबे. बाजूला ठेवलेली गोष्ट जागेवर राहत नाही. ती मागाहून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या वाटेत उभी राहते.

मग मी स्वतःला विचारले की या पंधरवड्यात आपण करतो तरी काय. नवे आरंभत नाही, हे खरे. पण श्राद्ध ही काही वाट पाहण्याची क्रिया नव्हे. पितरांचे जे देणे आहे ते त्या दिवशी त्यांच्या स्वाधीन करायचे, पाने वाढायची, आणि जेवणाऱ्यांना विचारायचे, तृप्त झालात ना? ते "झालो" म्हणाल्यावाचून कोणी उठत नाही. हा पक्ष जर कशासाठी असेल तर राहिलेले पुरे करण्यासाठी आहे.

बुधवारी श्राद्ध यथासांग झाले. गुरुजींना मी विचारले नाही. विचारले असते तर तेही "बघू" म्हणाले असते. त्यांची पाने उठताच मी वडखळच्या गुणाजीला निरोप धाडला. गुणाजी मंडपवाला. मूळचा खाडीकाठच्या मिठागरांकडला, आणि माझ्याशी बोलताना कधीही न बिचकणारा. लग्ने नाहीत, कार्ये नाहीत, त्यामुळे त्याचा जनरेटर पक्षात रिकामाच असतो. टेम्पोतून जनरेटर उतरवत तो म्हणाला, "बाई, पक्षात मांडवाचा जनरेटर मागनाऱ्या तुमीच पयल्या. कुनाचं लगीन हाय?"

"राहिलेलं काम आहे. तेल भरून आणलंस का?"

"भरून आनलंय. पन घरात वीज हाय की!"

"आहे म्हणूनच लाव. गेल्यावर लावायला तुला कशाला बोलवू?"

"तुमचं कायपन असतंय, बाई," असे पुटपुटत त्याने दोरी ओढली, आणि आमचे सारे अंगण थरथरू लागले.

वर चारही मुली भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी दिपिकाला पुढे बोलावले.

"मी पक्षात काही पक्कं करू नका म्हटलं, ते नव्या व्यवहाराबद्दल. हे काम तुम्ही आधीच करून ठेवलेलं आहे. केलेलं काम पुरं करायला पितरांची हरकत नसते. कळलं?"

"कळलं."

"मग दाब."

तिने अनन्याकडे पाहिले, अनन्याने मान हलवली, आणि दिपिकाने कळ दाबली. मी माझा शब्द मागे घेतला असे कोणी समजू नये. शब्दाचा अर्थ सांगणे हे शब्द देणाऱ्याचे काम आहे, आणि ते मी आधीच करायला हवे होते की नाही, याची चर्चा मी मुलींसमोर केली नाही.

एकेक बिऱ्हाड मुळात मिसळत राहिले. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. अनन्या नखे कुरतडत बसली. मी तिला श्राद्धाची खीर आणि वडे तिथेच पान मांडून खायला लावले, आणि कितीतरी दिवसांनी तिने पान पुसून खाल्ले. गुणाजी मात्र दिवेलागणीपर्यंत अंगणात धुसफुसत होता, कारण त्या दिवशी वीज एकदाही गेली नाही.

"रोज जाते," तो खालून ओरडला, "आज मुद्दाम गेली नाय बगा! माझं तेल जळलं फुकट!"

"तेलाचं मी बघते," मी गॅलरीतून म्हटले, आणि आपल्या तोंडून कोणता शब्द गेला ते ध्यानात येऊन त्याला लगेच वर बोलावले आणि तेलाचे पैसे हातावर ठेवले.

गुरुवारी कर्णिक आले. या खेपेस त्यांनी चहा घ्यायचे नाकारले. बहुधा सावध झाले होते. अनन्याने नकलेतली तारीख पुढल्या सालच्या पहिल्या दिवशी नेली आणि पगारपत्रक मागितले. ते समोर आले. त्यांनी दुसरे मागितले, तेही आले. मग ते खुर्ची ओढून स्वतःच बसले आणि एकामागून एक पाने उघडत राहिले, जणू कुठे तरी ते अडखळेल अशी त्यांना आशा होती. सालाच्या जागी प्रत्येक पानावर पूर्ण चार आकडे होते.

"आठवड्यापूर्वी याला काय झालं होतं?" त्यांनी विचारले.

अनन्याने माझ्याकडे पाहिले. मी दिपिकाकडे. दिपिका खिडकीबाहेर पाहू लागली.

"घरगुती बाब होती," मी म्हटले. "मिटली. चहा घ्या आता."

त्यांनी चहा घेतला, आणि तो घेता घेता कारखान्याच्या दुसऱ्या विभागाचे यंत्रही पाठवण्याचे कबूल केले. अनन्याने ताबडतोब हो म्हटले आणि मग चपापून माझ्याकडे पाहिले, कारण हा नवा व्यवहार होता आणि पक्ष अजून सरला नव्हता.

"कर्णिक, यंत्र सोमवारी पाठवा," मी म्हटले. "तोवर आमची घटस्थापना झालेली असेल."

त्या संध्याकाळी मी पुन्हा वर गेले. मुली आवराआवर करत होत्या. दिपिकाच्या पडद्यावर रोजचा प्रश्न उमटला होता, पक्के करू, फेकून देऊ, की बाजूला ठेवू. तिची बोटे कळफलकावर अधांतरी होती, आणि मान माझ्या दिशेने वळलेली.

"माझ्याकडे काय बघतेस?" मी म्हटले. "आजचं काम तू केलंस. चांगलं झालं की नाही, ते तुला ठाऊक."

तिने क्षणभर विचार केला, एक पान पुन्हा उघडून तपासले, आणि कळ दाबली.