बिनक्लचची गाडी

जबलपुरात राहणाऱ्या मराठी माणसाला एक सोय आयती मिळालेली असते. भर दुकानात, दुकानदाराच्या नाकासमोर, नवरा-बायकोला खासगी बोलता येतं. नागपूर-पुण्यात हे सुख नाही, तिथे साडी महाग वाटली तर डोळ्यांनी सांगावं लागतं. दीपा आणि श्रीरंग यांचा तीस वर्षांचा संसार या सोयीवरच उभा राहिला म्हटलं तरी चालेल. फ्रिज, सोफा, मुलीच्या लग्नातले शालू, इतकंच काय, मुलीला सांगून आलेलं हिंदी बोलणारं स्थळसुद्धा त्यांनी समोर बसवून, हसतमुखाने, मराठीतून पारखलं होतं.

त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी दोघं विजय नगरजवळच्या गाड्यांच्या शोरूममध्ये शिरली, ती निर्धास्तपणेच.

श्रीरंग खमरियाच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत तपासणी विभागात होता. लोखंडावर ठोकलेला नंबर आणि कागदावर छापलेला आकडा या दोन गोष्टी त्याच्या लेखी देवासारख्या. त्यांच्याशी हुज्जत घालायची नसते. भाजीवाल्याशी तो घासाघीस करायचा, कारण भाजीवाल्याकडे छापील काही नसतं. छापील दिसलं की मान डोलवायचा. घासाघीस आपल्यालाच करावी लागणार हे दीपाला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची उत्सुकता होती. गाडीची खरी किंमत नेमकी असते तरी कुठे, हे तिला बघायचं होतं. कांद्याची तिला ठाऊक होती.

गाडी हवी होती तीही तिलाच. एकोणपन्नासाव्या वर्षी ती गाडी शिकली, लायसन्स हातात आलं, आणि तीन महिन्यांनी डावा गुडघा गेला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, जिने चढा, क्लच मात्र दाबू नका. म्हणजे बिनक्लचची घ्यायची, ऑटोमॅटिक. दोन वर्षं तिने वाट बघितली. आईकडून वाट्याला आलेले पैसे तिने यासाठीच ठेवले होते, अर्धे ते आणि अर्धे श्रीरंगचे, मिळून सात लाख. जायचं कुठे असं कोणी विचारलं तर ती बहिणीकडे, बँकेत, असलं काहीतरी सांगायची. मनात मात्र वेगळंच होतं. एखाद्या मंगळवारी, काही काम नसताना, कोणाला न विचारता भेडाघाटला, धबधब्यावर, जाऊन यायचं. तीस वर्षं ती श्रीरंगच्या स्कूटरवर मागे बसून स्कूटर जाईल तिकडे गेली होती.

शोरूममधली मुलगी चोवीस-पंचवीसची असेल. छातीवरच्या बिल्ल्यावर मोनाली लिहिलेलं. हिंदी गोड, आवाज बसलेला. सकाळपासून बोलून बोलून बसलेला. तिने दीपाला लाल गाडीत बसवलं. दीपाने उजवा पाय ब्रेकवर ठेवला, डावा नुसता पसरला, आणि तिला हसू आलं. पायाला सुट्टी मिळाली होती.

मग टेबलापाशी बसून मोनालीने कागद काढला. दहा ओळी, आणि खाली बेरीज: सात लाख बासष्ट हजार.

श्रीरंगने चष्मा वर केला, कागद वाचला, आणि मुलीकडे बघून हसत दीपाला मराठीत म्हणाला, "सात ठरलं होतं. सातच्या वर एक रुपया नाही."

"मला माहीत आहे. बघू तरी काय म्हणतात."

मोनालीने कागद नीट जुळवले आणि मॅनेजर साहेबांना विचारून येते म्हणून काचेच्या केबिनमध्ये गेली. पाच मिनिटांनी दुसरा कागद घेऊन परत आली. तीच गाडी, तोच लाल रंग, पण क्लचवाली. बेरीज सहा लाख नव्व्याण्णव हजार. मॅनेजर साहेबांनी खास बसवून दिलंय, म्हणाली.

श्रीरंगचा चेहरा उजळला. "बघ, हजार रुपये वाचूनच राहिले. योग असतो एकेक." मग काचेआडच्या मॅनेजरच्या रंगवलेल्या केसांवर एक विनोदही केला.

दीपाने कागद त्याच्याकडे सरकवला. "घ्या मग. चालवा तुम्ही, मी शेजारी बसते. गुडघा काही क्लच दाबू देणार नाही मला. आतापर्यंत मागे बसले, आता शेजारी. बढती झाली म्हणायची."

हे ती हसतच म्हणाली. भांडण असो की रडू, अनोळखी माणसासमोर मराठीत बोलायचं तर हसून बोलायचं, हा त्यांचा जुना नियम. श्रीरंगचा चेहरा पडला, पण कागदावरून बोट हललं नाही. मोनाली खाली बघून पेन्सिलीला टोक काढत होती.

दीपाला असली शांतता सोसत नाही, म्हणून समोर दिसलं त्यावर ती बोलली. "पोरीच्या चपलेचा अंगठा तुटलाय, बघितलं का? पिन लावून उभी आहे बिचारी दिवसभर."

आणि टेबलाखालून दिसणारं ते पाऊल अलगद मागे सरकलं. खुर्चीच्या पायाआड गेलं.

दीपाने चहाचा कप उचलला आणि तोंडाशी नेऊन तसाच धरून ठेवला. कान तापले. आपण काय काय बोललो ते तिला उलट्या क्रमाने आठवायला लागलं: चप्पल, गुडघा, मॅनेजरच्या रंगवलेल्या केसांवर श्रीरंगने केलेला विनोद, आणि सगळ्यात आधी सात. सातच्या वर एक रुपया नाही. त्यानंतर पोरगी आत गेली आणि सहा नव्व्याण्णव घेऊन आली. योग कसला, आपल्याच तोंडून काढून आपल्याच पुढ्यात वाढला होता.

उठावं आणि सरळ चालू पडावं, असं वाटलं तिला. पण दीपाचं हे एक होतं, राग तिच्याकडे यायला निघाला की वाटेत त्याला कुतूहल गाठायचं. ही मुलगी पाऊल लपवते. लाजते म्हणजे अगदीच दगड नाही. मग गुडघ्याचं ऐकून टोक कसलं काढत होती? पेन्सिलीला टोक होतंच की.

तिने कप खाली ठेवला, श्रीरंगकडे तोंड केलं, आणि सावकाश, शाळेत श्रुतलेखन घालतात तसं, मराठीत म्हणाली, "त्या ऑटोमॅटिकच्या कागदावर दहा ओळी आहेत. त्यातली कुठली घ्यावीच लागते आणि कुठली नाही, हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं."

"मला काहून विचारून राहिली?" श्रीरंग म्हणाला. "छापलेलं आहे म्हणजे घ्यावंच लागत असेल."

केबिनचं दार उघडं होतं आणि अनिमेषजी, म्हणजे मॅनेजर, आत फोनवर बोलत होते, जेमतेम चार पावलांवर. मोनालीने पहिला कागद पुन्हा पुढे ओढला.

"मैम, मैं एक बार समझा देती हूँ," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. पेन्सिल पहिल्या ओळीवर टेकली. "ये गाड़ी की कीमत, कंपनी की." दुसरी ओळ. "ये आरटीओ, सरकार को जाता है." मग पेन्सिल हँडलिंग चार्जवर आली, तिथे क्षणभर थांबली, आणि मोनाली काहीच न बोलता पुढे गेली. "ये इन्श्योरेंस. इन्श्योरेंस तो ज़रूरी है." पुढे वाढीव वॉरंटी, सामानाचं पॅकेज, रस्त्यातली मदत आणि असलंच किरकोळ. पेन्सिल एकेका ओळीवर थांबत खाली उतरली आणि मोनाली तोंडातून अक्षर काढेना. बेरजेपाशी पोचल्यावर म्हणाली, "बस, इतना ही है."

दीपाला वाटलं, इतकं स्पष्ट आपल्याला आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं.

तिने पुन्हा नवऱ्याला विचारलं, "विमा इथूनच घ्यावा लागतो का हो?"

"अगं, मला कसं माहीत असणार?" श्रीरंग आता वैतागला होता. "तुला झालं काय आज?"

"इन्श्योरेंस ज़रूरी है, मैम," मोनाली पुन्हा म्हणाली. तेवढंच. पुढे "यहीं से" यायला हवं होतं, ते आलं नाही, आणि दीपाने ते न आलेलं नीट ऐकून घेतलं. कागदाचा फोटो काढून तिने स्कूटरचा विमा काढणाऱ्या शरच्चंद्रांना पाठवला. कागदावर विम्याचे त्रेचाळीस हजार होते. दहा मिनिटांत त्यांचं उत्तर आलं, एकोणतीस.

फोन संपवून अनिमेषजी बाहेर आले तेव्हा दीपा तयार होती. ती हिंदीत, अगदी नम्रपणे म्हणाली की गाडी ऑटोमॅटिकच घेणार. कंपनीची किंमत देणार, सरकारचं सरकारला देणार, विमा आमचा माणूस काढेल, आणि बाकीच्या ओळी नकोत. श्रीरंग तिच्याकडे असा बघत राहिला, जणू नेहमीच्या खोक्यातून भलत्याच नंबरचा माल निघालाय.

अनिमेषजी हसले. पॅकेज आहे, मॅडम, त्यातून एक वस्तू काढता येत नाही. मग म्हणाले, हँडलिंग सोडून देऊ. मग निम्मं सामान. विमा बाहेरून काढलात तर अडचणीच्या वेळी कोण धावून येणार, हे त्यांनी तीन वेगवेगळ्या अपघातांसकट सांगितलं. कॅल्क्युलेटर दाबत ते सात लाख एकतीसवर आले आणि तिथे दोन्ही हात टेबलावर ठेवले. "लास्ट है, मैडम. इसके बाद मेरी जेब से जाएगा."

सात एकतीस. बासष्टच्या मानाने पुष्कळ खाली, सातच्या मानाने वरच. दीपाला खरंच कळेना. माणूस थकलेला दिसत होता. खरंच त्याच्या खिशातून जात असेल तर? आणि उठून गेलो आणि त्याने जाऊ दिलं, तर श्रीरंग उद्याच येऊन क्लचवाली घेऊन जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने पुन्हा मराठीचा आधार घेतला.

"उठावं की बसावं, काही समजून नाही राहिलं."

"बसावं," श्रीरंग म्हणाला. "इतके कमी केले त्यांनी. माणसाने थोडी लाज ठेवावी."

मोनाली रिकामे कप ट्रेमध्ये गोळा करत होती. शेजारच्या खुर्चीवर दीपाची पर्स होती. मोनालीने ती उचलली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली.

"मैम, आपका पर्स."

दीपा उठली. नमस्कार केला, सोच के बताएँगे म्हणाली, आणि दाराकडे चालू लागली. श्रीरंगला मागोमाग यावंच लागलं. बाहेर उन्हात स्कूटरपाशी आल्यावर तो हेल्मेट हातात धरून म्हणाला, की आयुष्यात असं कुठून उठून आलो नव्हतो. दीपा स्कार्फ बांधत होती. तिला स्कार्फ बांधायला इतका वेळ कधी लागला नव्हता. एक टोक सुटायचं, मग दुसरं. श्रीरंगने स्कूटर स्टँडवरून काढली. पोरीने पर्स नुसतीच दिली असेल, विसरू नये म्हणून, तर?

"मैडम," मागून आवाज आला. अनिमेषजी स्वतः आले होते, उन्हात डोळे बारीक करून. महिनाअखेर आहे, म्हणाले, दोन गाड्या कमी पडताहेत. तुमच्या माणसाचा भाव काय तो सांगा, विमा त्या भावात मीच देतो. बाकीच्या ओळी गेल्या समजा.

सहा लाख अठ्ठ्याण्णव हजार. श्रीरंगने बेरीज दोनदा तपासली. छापील नव्हती, हाताने लिहिलेली होती, म्हणून तिसऱ्यांदाही. ॲडव्हान्स भरताना दीपाने भिंतीवरच्या पायाखालच्या चटया दाखवल्या आणि त्या इथूनच द्या म्हणाली. अडतीसशे रुपये. श्रीरंग कळवळला. बाहेर निम्म्यात मिळतात, आणि सातच्या वर अठराशे जाऊन राहिले, आत्ता तर सगळं काढायला लावलंस. दीपा म्हणाली, वरचे अठराशे माझे. असल्या सामानावर विकणाऱ्या मुलींना थोडंफार सुटत असावं, हा तिचा अंदाज होता. भाव वाजवी हवा तर तो सगळ्यांनाच वाजवी हवा, एवढंच तिला त्यातलं समजत होतं.

चालवून बघायचं राहिलंच होतं. दीपा स्टिअरिंगवर बसली, मोनाली शेजारी, श्रीरंग मागे. फाटकातून बाहेर पडून गाडी सरळ रस्त्याला लागली, तेव्हा दीपाने समोर बघतच मराठीत विचारलं, "आमचं सात तूच आत जाऊन सांगितलंस ना?"

"कोणाशी बोलून राहिली तू?" मागून श्रीरंग.

मोनालीने सीटबेल्ट सरळ केला. "जी, बताया था. वो तो काम है मेरा, मैम." मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "घुटने वाली बात नहीं बताई."

"मराठी कुठे शिकलीस?"

"नानी से. गढ़ा में. समझ लेती हूँ, बोला नहीं जाता." आणि लगेच, कामाच्या आवाजात, "आगे से बाएँ लीजिए."

मागच्या सीटवर श्रीरंग सकाळपासून आपण बोललेलं एकेक वाक्य काढून तपासत असणार, हे दीपाला आरशात न बघताही समजत होतं. मुलीला अजून पुष्कळ विचारायचं होतं. नानी कुठली, पर्स का दिलीस, माझ्यासाठी की महिनाअखेरसाठी. पण वळण आलं, आणि वळणावर एक ई-रिक्षा कुठलाही इशारा न देता आडवी घुसली.

दीपाचा उजवा पाय ब्रेकवर गेला. गाडी थांबली, न आचके देता, न बंद पडता. डावा पाय सवयीने पुढे झाला, दाबायला काही सापडलं नाही, आणि परत येऊन जागेवर बसला. मागून सूचना आली नाही. रिक्षावाल्याने हात वर केला, दीपाने मान हलवली आणि डावीकडे वळली.