धुतलेलं एडेलवाइस

नोटबुर्गाबाईंनी रुमालातून बिल्ला काढला आणि आमच्या अध्यक्षानं, वेंडेलिननं, तो हातात घेण्याआधीच नाक मुरडलं. या माणसाची हीच खोड माझ्या डोक्यात जाते.

आमचं मंडळ म्हणजे रविवारी खानावळीच्या मागच्या खोलीत जमून जुन्या लष्करी बिल्ल्यांवरून तावातावानं भांडणारी माणसं. नाझी चिन्ह असेल तर त्यावर कागदाची टिकली चिकटवायची, कायदाच आहे तसा. पण खरं-खोटं ठरवताना आम्ही कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणूनच गावच्या संग्रहालयानं बाईंना आमच्याकडे पाठवलं होतं. बिल्ला अस्सल ठरला तरच तो काचेच्या कपाटात जाणार होता.

बिल्ला डोंगरी पलटणीचा, बाहीवर शिवायचा. हिरव्या लोकरीवर एडेलवाइसचं पांढरं फूल. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या वसंतात बाईंच्या वडिलांनी तो बाहीवरून उपटला, बंदूक ओढ्यात फेकली आणि डोंगर उतरून घरी आले. गावानं मात्र त्यांना मरेपर्यंत थापाड्या म्हटलं. हा कसला पलटणीत, गोठ्यात लपला होता, असं लोक तोंडावर बोलत. बाईंना ते अजून डाचत होतं.

वेंडेलिननं बिल्ल्याची पाठ पाहिली, विणकाम पाहिलं, नाइलाजानं मान डोलावली. मग पडदे ओढून अतिनील किरणांचा जांभळा दिवा लावला. फूल निळंशार लखलखलं. युद्धाच्या काळातला धागा त्या दिव्याखाली चमकत नाही, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

"नकली आहे, बाई," तो म्हणाला. "बाजारातून आणलेला."

बाईंचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं, पण दिव्यापुढे कोण काय बोलणार? तेवढ्यात त्यांनी वेंडेलिनकडे निरखून पाहिलं.

"तुमची कॉलरही चमकतेय की. तीपण नकली का?"

सगळे हसले. मी मात्र हसता हसता थांबलो आणि विचारलं, हा बिल्ला तुम्ही कधी धुतलात का?

"दर ईस्टरला धुते," त्या ताठ मानेनं म्हणाल्या. "गरम पाण्यात, चांगल्या पावडरीनं. बापाची वस्तू मळकी ठेवू?"

खोलीत सगळ्यांनी कपाळाला हात लावला. जुना बिल्ला धुणं म्हणजे आमच्यात महापाप, त्यामुळे हा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता. पावडरीतलं उजळवणारं औषध धाग्यात मुरून बसलं होतं.

आता एकच उपाय होता, फुलाच्या कडेचा धागा काढून जाळायचा. नंतरच्या काळातला नायलॉन असेल तर वितळून त्याचा कडक मणी होतो, जुन्या सुती धाग्याची राख होते. मणी झाला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही, असं वेंडेलिननं बजावलं.

"काडी माझ्याकडे द्या," बाई म्हणाल्या.

धागा त्यांनीच पेटवला. जळक्या कागदाचा वास आला. वेंडेलिननं उरलेलं बोटानं दाबलं, तर नुसती भुकटी.

"अस्सल," तो म्हणाला. मग जरा ओशाळून त्यानं विचारलं, कपाटात खाली काय लिहायचं, शूर सैनिकाचा बिल्ला?

"नको. बंदूक टाकून घरी आलेल्याचा, असं लिहा. आणि मोठ्या अक्षरांत."

आमच्या गावात पळून आलेल्या शिपायासाठी आजवर कुणी मानानं ग्लास उचलला नव्हता. त्या दुपारी अख्खी खोली ग्लास उंचावून उभी राहिली, आणि सगळ्यांत आधी वेंडेलिन उठला.