तांबेरा हवा होता

गव्हावर रोग यावा म्हणून शलाका डिसेंबरपासून राबत होती. झाशीबाहेरच्या एका संशोधन केंद्रावर ती नवे वाण पारखायची. पानांवर गंजासारखे फोड आणणारा तांबेरा कोणत्या वाणावर किती वाढतो हे बघायचं, तर आधी तो शेतात हवा. म्हणून तिने वाफ्यांभोवती पटकन रोग धरणारा गहू पेरला होता आणि संध्याकाळी रोगाचे बीजाणू मिसळलेलं पाणी फवारलं होतं. फेब्रुवारीत फोड दिसले, तेव्हा तिला हायसं वाटलं.

त्याच सुमाराला वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. चार दिवसांनी ती परतली, तर शेतभर औषधाचा वास. पाहुणे येणार म्हणून नवे व्यवस्थापक नीरज सक्सेना यांनी रोग मारणारी फवारणी करून घेतली होती. शलाकाने लावलेली ‘यहाँ रोग है’ ही पाटी त्यांनी वाचली होती. त्यांना ती तक्रार वाटली.

“आप नहीं थीं मॅडम, तो हमने सँभाल लिया,” ते समाधानाने म्हणाले.

हा रोग आपणच आणला होता, हे शलाकाने त्यांना दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा तिचा आवाज चढलाच.

भिंतीलगतच्या पट्ट्यात मात्र पंप पोचला नव्हता. मार्चभर ती तिथेच बसून पानं बघत राहिली. जवळच्या टहरौली भागात आवडीने पेरला जाणारा, कायम स्वच्छ दिसणारा वाण तिथे पार करपला. रोगाने रूप बदललं होतं आणि त्या वाणाची एकुलती ढाल निकामी झाली होती. शलाकाने स्वतः तयार केलेल्या नव्या वाणावर थोडे बारीक फोड आले, पण ते इतके सावकाश वाढले की दाणा नीट भरला. रोगाला थोपवत राहणारी अशी ताकद वर्षानुवर्षं टिकते.

नीरजजींनी एक पान उलटून पाहिलं.

“लेकिन दाग तो इसमें भी हैं.”

शलाकाने डोळे मिटले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी त्यांनी करपलेल्या वाणाच्या ओंब्या हातावर चोळून पाहिल्या. दाणे सुरकुतलेले होते. मग तिच्या वाणाच्या चोळल्या.

एवढ्याशा पट्ट्यावरून नवे वाण मंजूर करणाऱ्या समितीने तिच्या वाणाला मान्यता दिली नाही. पुढच्या रब्बीत सगळं पुन्हा करायला सांगितलं. संध्याकाळी नीरजजींनी शलाकाकडे येऊन पेरणी कधी करायची ते विचारलं. तिने तारीख सांगितली, आणि फवारणीच्या खोलीची किल्ली मागून घेतली.