सतरा नंबरची जागा

त्याने चौकटीच्या मागची तार पकडीने पिळून घट्ट केली आणि चित्र छातीशी धरून गोदामाबाहेर काढलं. आयुष्यातली ही पहिलीच चोरी. विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात चार वाजता विद्यार्थ्यांचं वसंत प्रदर्शन उघडणार होतं आणि साडेतीन वाजत आले होते.

संग्रहालयात चित्रं टांगणं हे त्याचं एकवीस वर्षांचं काम. पण चार दिवसांपासून त्याचा स्वतःचाच जीव टांगणीला लागला होता. लेक इथेच चित्रकला शिकायची. सोमवारी ती घरी आली आणि चपलाही न काढता म्हणाली, "माझं चित्र लागणार नाही. आणि कॉलेजही आता पुरे झालं." तेव्हापासून ती तोंडात गुळणी धरून बसली होती. रंगांच्या नळ्या खोक्यात भरून तिने जिन्याखाली ढकलल्या होत्या. तिची आई जाऊन दोन वर्षं झाली. आता पोरगीही अशी मिटून गेली तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघून जगायचं, या धास्तीने त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

न लागणारी चित्रं गोदामात भिंतीकडे तोंड करून ठेवलेली असतात. त्याला ती पाठीवरूनच ओळखू यायची. लेकीची चौकट तर त्याने स्वतः बनवून दिली होती. यादीत सतरा नंबरपुढे नाव नव्हतं, नुसता 'मागे घेतलं' असा शेरा होता आणि मोठ्या भिंतीवर मधोमध तेवढी जागा रिकामी होती. कुण्या पोराने हातचं सोडलं, ते आपल्या पोरीच्या पदरात पडू दे, एवढंच त्याला सुचलं. नोकरी गेली तर गेली.

शिडीवर असताना चित्र अंगाला इतकं चिकटलेलं असतं की दिसतच नाही. तार हुकात अडकवून तो खाली उतरला आणि चार पावलं मागे सरला.

चित्रात खाट होती. खाटेवर त्याची बायको, शेवटच्या महिन्यातली, एक हात पुढे केलेला. दारात एक माणूस पाठमोरा उभा, बाहेर बघत. त्याचा डावा खांदा जरा खाली होता. शिड्या वाहून वाहून तसाच झालेला.

"शेवटी तुम्हीच लावलंत?" प्रदर्शन भरवणाऱ्या मॅडम मागे उभ्या होत्या.

"मॅडम, चुकलो. पाया पडतो, पण पोरीला काही बोलू नका. नाकारलं म्हणून ती कॉलेज सोडतेय."

"नाकारलं कुणी? सगळ्यांत आधी तिचंच निवडलं होतं. सतरा नंबर तिचाच. तिने येऊन मागे घेतलं. म्हणाली, हे बाबांना टांगायला लावणार नाही, आणि याशिवाय दुसरं काही माझ्या हातून चितारलं जात नाही. रडत होती हो! मी जागा तशीच ठेवली, म्हटलं विचार बदलेल." त्यांनी घड्याळात पाहिलं. "उतरवायचं असेल तर आत्ताच उतरवा."

त्याने शिडीला हात घातला. मग ती मिटली आणि गोदामात नेऊन ठेवली.

चार वाजता पोरं गलका करत आत आली. लेक सर्वांत शेवटी आली, तीही मैत्रिणीने ओढून आणली म्हणून. मोठ्या भिंतीसमोर ती थबकली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा, हे कुणी लावलं?"

"मी."

"बघितलंत?"

त्याने मान डोलावली.

"तुझ्या आईने दोनदा हाक मारली होती त्या दिवशी. मला ऐकू आली होती, तरी वळलो नाही."

लेक चित्राकडेच बघत राहिली.

"मलाही आली होती, बाबा. मी समोरच बसले होते."