सगळीकडे चालणारा माणूस

व्हर्ल कोपेकी नेब्रास्कातून आमच्या बेसबॉल संघात आला तेव्हा शॉर्टस्टॉप होता, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार. मी त्या संघाचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा. प्रवासात आमची खोली एकच असायची. चेंडू जमिनीवरून सरपटत यायच्या आत हा तिथं पोचलेला असायचा. ती जागा त्याचीच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

दुसऱ्याच वर्षी तिसऱ्या बेसवाल्याचा घोटा मुरगळला. मॅनेजर स्ट्रँडनं विचारलं, "काय रे, तिथं उभा राहशील?"

"राहतो की."

ते 'राहतो की' त्याला भोवलं. त्याच्या जागी शॉर्टस्टॉपला दुसरा उभा केला, तो तिथंच राहिला. मग दुसरा बेस, मग डावं मैदान, एकदा माझं बोट मोडलं तेव्हा माझी जागासुद्धा. कुठंही उभा करा, पठ्ठ्या वेळ निभावून न्यायचा. दुखणाईत बरा होऊन आला की हा पुन्हा बाकावर. पेपरवाले त्याला गुणी म्हणायचे. पोरं 'ठिगळ' म्हणायची. तोही हसायचा.

शॉर्टस्टॉपची जागा रिकामी झाली तेव्हा तो इस्त्रीचा शर्ट घालून स्ट्रँडच्या खोलीत गेला. बाहेर आला तो वरची बटणं सोडतच.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणाला, तुला एका जागी बांधला तर बाकीच्या जागा कोण बघणार? नवा पोरगा घेतलाय. त्याला तयार कर म्हणाला."

"आणि तू?"

"करतो म्हटलं."

अशी अकरा वर्षं गेली. गुडघे गेल्यावर संघानं त्याला आयोवातल्या आपल्या धाकट्या संघावर कोच म्हणून पाठवलं. माझंही खेळणं संपलं होतं. मी तिथंच कॅचरांना शिकवायला लागलो.

तिथं टेओ बारियोस होता. विशी ओलांडलेला, डॉमिनिकन, आणि शॉर्टस्टॉपच. त्याला बघताना व्हर्ल जेवण विसरायचा. उन्हाळ्याच्या मध्यात वरून फोन आला: टेओला डावं मैदान आणि तिसरा बेस शिकवा, मोठ्या संघाला बाकावर माणूस हवाय.

व्हर्लनं टेओला बाजूला घेतलं. मी शेजारीच पायाचे पॅड सोडत होतो.

"ते विचारतील, सगळीकडे खेळशील का. नाही म्हण. एकदा हो म्हटलंस की मेलास."

"पण कोच, वर जायला मिळतंय..."

"वर जाऊन बाकावर बसायचंय का? सूर्यफुलाच्या बिया चघळत? आपली जागा सोडू नकोस."

टेओनं ऐकलं. वरची माणसं आली, त्यांच्या तोंडावर त्यानं 'नाही' म्हटलं. हट्टी आहे असा शिक्का बसला, दुसऱ्याच कुणाला वर नेलं आणि हंगाम संपायच्या आत टेओला काढून टाकलं.

व्हर्ल मोठ्या संघाच्या ऑफिसला फोन लावून ओरडला, "त्याचा दोष नाही! मीच शिकवलं त्याला तसं!"

पलीकडचा हसला. "तू? अरे, तू हो म्हणत म्हणतच इतकी वर्षं टिकलास. तुझ्याहून सरस शॉर्टस्टॉप दोन वर्षांत घरी गेले."

व्हर्लनं मला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कारण ते खरं होतं.

टेओ बॅग भरत होता. व्हर्ल दारात जाऊन उभा राहिला. "पोरा, मला वाटलं..."

"तुमचं 'नाही' तुमच्या पोटात अडकलं होतं, कोच," टेओ म्हणाला. आवाज चढला नव्हता. "ते तुम्ही माझ्या तोंडून वदवून घेतलंत."

तो आता न्यूआर्कला मेहुण्याबरोबर घरं रंगवतो. व्हर्लनं एकदा फोन लावला होता. कुणा बाईनं नाव विचारलं, मग बराच वेळ नुसता टीव्ही ऐकू येत राहिला, आणि फोन बंद झाला.

व्हर्ल अजून कोचच आहे. आता तो पोरांना सांगतो, जिथं उभं करतील तिथं मुकाट उभे राहा. त्यातली काही वर गेली, बाकावर बसली. वरचे लोक म्हणतात, कोपेकी शेवटी शहाणा झाला. टीव्हीवर त्या पोरांचे सामने लागले की तो उठून अंगणात जातो.